होडी खांद्यावर घेऊन

पाण्यात मजाच करायची तर कायाक घे, मोटरबोट घे, कनू कशाला, असं मला इथे बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची ही निमुळती उघडी होडी, उचलता येते. दोघांनी धरून, नाहीतर एकट्याने डोक्यावर पालथी घालून, जंगलातल्या पायवाटेने पलीकडच्या तळ्यावर नेता येते. कनूतलं मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हे चालणं. वल्हवण्याचा नंबर त्याच्यानंतर.

आम्ही किचनरला राहतो, कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात. इथून उत्तरेकडे गाडी काढली की काही तासांत अल्गॉन्क्विन पार्क येतो. 1893 साली राखीव केलेलं हे जंगल साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्यापेक्षा थोडंच लहान. त्यात तळी आहेत दोन हजार चारशेच्या पुढे. आणि एवढ्या मोठ्या प्रदेशात आडवा जाणारा मुख्य रस्ता एकच, हायवे 60, तोही दक्षिणेच्या टोकातून. बाकी सगळीकडे जायचं तर पाण्यावरून. कनूच्या नकाशावर दोन तळ्यांमध्ये लाल रेघ काढलेली असते आणि तिच्याशेजारी आकडा, 295, 640, 1350. तेवढे मीटर होडी आणि सामान वाहून न्यायचं. त्या वाटेला म्हणतात पोर्टेज.

काठाला लागलं की झाडावर पिवळी पाटी दिसते. सामान उतरवायचं, कनू पाण्याबाहेर ओढायची, आणि मग उचलायची. उचलण्याची एक रीत आहे. आधी कनू कुशीवर करून मांड्यांवर घ्यायची. एक हात अलीकडच्या कडेवर, दुसरा पलीकडच्या. गुडघ्यांनी एक झोका द्यायचा आणि त्याच झोक्यात ती वर घेऊन खाली मान घालायची. मधोमध एक आडवं लाकूड असतं, मानेच्या जागी खोबणी केलेलं, ते खांद्यांवर बसतं. तोल बरोबर असेल तर पुढचं टोक किंचित वर राहतं आणि वाट दिसते. आमची कनू केवलारची, म्हणजे हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची आहे, सोळा फुटी, वजन वीस किलोच्या आत. तेवढं वजन बाजारच्या पिशव्यांत हाताला जाणवतं, खांद्यांवर नीट बसलं की त्याहून कितीतरी हलकं वाटतं.

पालथ्या होडीखाली चालताना सगळं बदलतं. आभाळ दिसत नाही. दिसतात फक्त पुढची काही पावलं, मुळं, दगड, चिखलात टाकलेल्या फळ्या, कुठे मूसच्या, म्हणजे इथल्या भल्यामोठ्या हरणाच्या, खुराचा ठसा. स्वतःचा श्वास होडीत घुमतो. जूनमध्ये डासांनाही ती छाया आवडते आणि दोन्ही हात अडकलेले, हाकलणार कशाने. चढावर पोटऱ्या भरून येतात. मग झाडांमधून उजेड वाढतो, वाट उतरते आणि पुढचं पाणी दिसतं. कनू पाण्यावर टेकवली की खांदे इतके हलके होतात की आपोआप हात वर जातात.

आणि त्या नव्या तळ्यावर आवाज नसतो. याचं कारण ती वाटच आहे. आतल्या बहुतेक तळ्यांवर मोटरबोटींना परवानगी नाही, पण नियमापेक्षा जास्त काम पोर्टेज करतो. जे खांद्यावर नेता येत नाही ते तिथे पोचत नाही. बर्फपेटी, स्पीकर, खुर्च्या, सगळं पहिल्याच काठावर राहतं. पहिल्या पोर्टेजनंतर माणसं कमी होतात, दुसऱ्यानंतर आणखी कमी, आणि दीड-दोन किलोमीटरचा एखादा पार केला की संध्याकाळी अख्ख्या तळ्यावर आपलाच एक तंबू असू शकतो. इथे अधूनमधून कोणीतरी म्हणतं, वाटा रुंद करा, गाड्यांची सोय करा, म्हणजे सगळ्यांना जाता येईल. ज्यांना चालणं खरोखर शक्य नाही त्यांच्यासाठी हायवेलगतची तळी आहेत, तीही सुंदर आहेत आणि तिथे सोयी वाढवायलाच हव्यात. पण आतल्या वाटा आहेत तशाच राहाव्यात असं मला मनापासून वाटतं.

ही होडी मुळातच उचलण्यासाठी घडवलेली आहे. इथल्या मूळ रहिवाशांनी, अनिशिनाबे आणि अल्गॉन्क्विन लोकांनी, ती बर्चच्या सालीची बनवली. आपल्याकडे ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या त्या भूर्जाच्याच कुळातलं हे झाड. सालीचा मोठा तुकडा, आत सीडरच्या पातळ फासळ्या, शिवायला स्प्रूसची मुळं आणि सांधे बुजवायला त्याच झाडाचा डिंक. वाटेत फाटली तर दुरुस्तीचं सामान काठावरच उभं. पुढे फरच्या व्यापाऱ्यांनी हीच रचना मोठी केली. माँट्रियलहून सुपिरिअर सरोवराकडे जाणाऱ्या कनू अकरा मीटरपर्यंत लांब असत. त्या वल्हवणारे व्होयाजर पोर्टेजवर नव्वद पौंडांची गाठोडी, म्हणजे एकेक साधारण एक्केचाळीस किलोचं, दोन-दोन मिळून एका खेपेत नेत. भार कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यावर. पीटरबरोला कॅनेडियन कनू म्युझियम आहे, 2024 मध्ये ते तळ्याकाठच्या नव्या इमारतीत आलं, सहाशेच्या वर होड्या आहेत तिथे. तिथल्या सालीच्या कनूसमोर मी बराच वेळ उभी होते. शिवणीचे टाके सगळीकडे सारखे नव्हते, दगडाला लागण्याच्या जागी जास्त दाट होते.

आता वल्हवण्याबद्दल. कनूत दोघं असतील तर पुढचा ताल धरतो आणि मागचा दिशा. आमच्याकडे नवरा पुढे, मी मागे. मागच्याने डावीकडे वल्हं मारलं की होडीचं नाक उजवीकडे जातं, उजवीकडे मारलं की डावीकडे. दर वेळी बाजू बदलत बसलं तर होडी नागमोडी चालते आणि वल्ह्याचं पाणी मांडीवर गळत राहतं. म्हणून एकाच बाजूने मारायचं आणि प्रत्येक फटक्याच्या शेवटी मनगट असं वळवायचं की वरच्या हाताचा अंगठा खाली जाईल, पातं होडीला समांतर होईल, आणि मग ते हलकेच बाहेर ढकलायचं. याला ‘जे स्ट्रोक’ म्हणतात, पाण्यात इंग्रजी J काढल्यासारखी रेघ होते म्हणून. ते बाहेर ढकलणं अगदी थोडं असतं. जोर लावला तर वेग मरतो, विसरलं तर नाक भटकतं. ताकद दंडातून काढायची नाही, कमरेतून पिळा द्यायचा. नवशिक्यांना मी एवढंच सांगते की खालचा हात जवळजवळ सरळ ठेवा आणि पोट वळवा, दुसऱ्या दिवशी खांदे दुखणार नाहीत.

बाबा मागच्या उन्हाळ्यात सांगलीहून आले होते. त्यांचं सगळं लहानपण कृष्णेत गेलं. पाठीला सुके भोपळे बांधून पोहायला शिकलेले, गुऱ्हाळातल्या काहिलीत बसून पलीकडे गेलेले. होड्यांच्या शर्यती तर त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. आयर्विन पुलावरून ओरडून ओरडून घसा बसायचा म्हणतात. म्हणून त्यांना आधी नदीवरच न्यायचं ठरवलं. ग्रँड रिव्हर आमच्या शहरातूनच वाहते आणि पुढे जाऊन ईरी सरोवराला मिळते. पॅरिस नावाच्या गावापासून ब्रँटफर्डकडे जाणारा तिचा टप्पा कनूवाल्यांचा आवडता. मोठं उसळतं पाणी नाही, पण मधेमधे उथळ जागा आणि खडक भरपूर.

लाइफ जॅकेट घालायला बाबा तयार नव्हते. "मला पोहायला येतं की गं," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, इथं नियम आहे, होडीत प्रत्येकाचं एक लागतंच. आणि नुसतं ठेवायचं नाही, माझ्या होडीत ते अंगावर घालायचं." पंधरा मीटरचा तरंगणारा दोर, शिट्टी आणि पाणी उपसायचं भांडंही त्यांना दाखवलं. दोर त्यांनी हातात घेऊन ओढून पाहिला, गाठ तपासली, आणि मग जॅकेट घातलं.

त्यांना मी पुढे बसवलं. पहिला उथळ टप्पा आला तेव्हा मी सवयीने पाण्यावरचे आकार बघत होते. दोन खडकांमधून निघणारं गुळगुळीत पाणी पुढे निमुळतं होत गेलं असेल तर तो खोल मार्ग. उलट टोक आपल्याकडे असेल आणि मागे दोन्ही बाजूंना रेघा फाकत असतील तर त्या टोकाशी खडक. मी हे पुस्तकातून आणि वर्गातून शिकले. मी तोंड उघडायच्या आत बाबांचा हात वर झाला. "खडक आहे बघ तिथं. डावीकडनं घे की." पाण्यावर नुसती एक सुरकुती होती. मी डावीकडून घेतली आणि तो खडक आमच्या उजव्या हाताला वीतभर पाण्याखालून सरकत गेला. पुढे सगळ्या टप्प्यात बोलणं त्यांचं, वळवणं माझं.

जेवायला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात एवढं पाणी कसं काय हिला?" वरच्या अंगाला 1942 साली बांधलेलं शँड धरण आहे, तिथून पाणी सोडून उन्हाळ्यात नदी वाहती ठेवतात, हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "म्हणजे आपली कोयनाच." मग बराच वेळ कोयनेतून पाणी सोडल्यावर ते सांगलीत किती वेळात पोचतं याचा हिशेब चालला.

त्यानंतर अल्गॉन्क्विनला कनू लेक नावाच्या तळ्यावर गेलो. तिथे त्यांना पहिल्यांदा अवघड गेलं, कारण पाण्याला धारच नाही. "हिचा उतार कुठंय?" असं दोनदा विचारलं. तळ्यावर वाचायचा असतो वारा. सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारपर्यंत वारा उठतो आणि मोकळ्या मध्यात लाटा चढतात. म्हणून निघायचं लवकर आणि जायचं काठाकाठाने. समोरून वारा असेल तर सामान पुढे सरकवायचं, नाहीतर हलकं नाक वाऱ्यावर फिरतं. लाटेत होडी डुलली की लोक कडा घट्ट धरतात, ते नेमकं करायचं नसतं. गुडघे टेकून खाली बसायचं आणि वल्हं पाण्यात ठेवायचं. पाण्यातलं वल्हं हाच आधार.

या तळ्याबद्दल गंमत म्हणून बोलू नये असं मला वाटतं. टॉम थॉमसन हा इथला मोठा चित्रकार, कनूतून हिंडून या जंगलाची चित्रं काढणारा, जुलै 1917 मध्ये याच तळ्यात गेला. आधी त्याची उलटी कनू सापडली, आणि तो बेपत्ता झाल्यापासून आठ दिवसांनी मृतदेह. पाणी उत्तम ओळखणारा माणूस. 1930 मध्ये काठावर त्याच्या नावाने दगडी स्मारक रचलं, तिथे आम्ही होडी लावली. बाबांनी चप्पल काढून नमस्कार केला.

तिथून पुढे ‘जो लेक’ नावाच्या तळ्याकडे जाताना धरणाच्या बाजूने पोर्टेज आहे, तीनशे मीटरही नाही, सपाट आणि रुंद. मी कनू घेतली, नवऱ्याने मोठी सॅक, बाबांनी वल्ही आणि शिदोरीची पिशवी. पार्कच्या आतल्या भागात डबाबंद अन्न आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, त्यामुळे आपलं सुकं खाणं तिथे फार कामाला येतं. भाजलेल्या बेसनात तिखट-मीठ कालवून पिठल्याची तयारी, मेतकूट, कुटलेली शेंगदाण्याची चटणी, गूळ. रात्री हे सगळं अस्वलांपासून वाचवायला तंबूपासून लांब झाडावर उंच टांगायचं. बाबांनी टाकलेला दोर पहिल्या फेकीत फांदीवरून गेला.

त्या रात्री लून ओरडले. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, लाल डोळ्यांचा हा पाणपक्षी लांबलचक हाक घालतो आणि पलीकडून दुसरा उत्तर देतो. सकाळी एक जोडी तंबूसमोरच होती, मादीच्या की नराच्या कोण जाणे, पाठीवर पिल्लू बसलेलं. बाबा चहा घ्यायचे थांबले होते.

यंदा ते पुन्हा येणार आहेत. मी ऑगस्टचा शेवट सुचवलाय, तोवर चावणाऱ्या काळ्या माश्या केव्हाच गेलेल्या असतात, डास उरतात ते थोडे आणि पाणीही उबदार असतं. बाबांनी सांगलीत बसून नकाशा अभ्यासलाय आणि काल फोनवर विचारलं, ते तीनशे मीटरचं कसलं पोर्टेज, हजाराच्या वरचं एखादं नाही का वाटेत? आहे. शिवाय या वेळी कनूचं पुढचं टोक आपण धरणार असंही त्यांनी सांगून ठेवलंय, म्हणून दोघांनी उचलायची रीत त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवायची आहे.