टॉर्कला अजून किती दिवस द्यायचे? : डेट्रॉइट ते टॉलिडो

2024 च्या जुलैत ताईकडे गेलो होतो. ती राहते नोव्हायला, डेट्रॉइटच्या उपनगरात. मोटारधंद्यामुळे या भागात मराठी इंजिनिअरांची वस्ती बरीच आहे, भावोजीही त्याच धंद्यातले. घरात मात्र गप्पा गाड्यांच्या नसतात, बेसबॉलच्या असतात. भाचा पंधरा वर्षांचा, डेट्रॉइट टायगर्सचा कट्टर चाहता. शेजारी एक आजोबा राहतात, कारखान्यातून निवृत्त झालेले. 1968 चं विजेतेपद त्यांनी शाळेत असताना रेडिओवर ऐकलं होतं. संध्याकाळी ते मागच्या अंगणात येऊन बसले की दोघांची जुंपायची, आणि मी होतो तोवर विषय एकच : टायगर्सचा तरुण बॅटर स्पेन्सर टॉर्कलसन. तिकडे सगळे त्याला 'टॉर्क' म्हणतात.

थोडं मागून सांगायला हवं. 2019 साली टायगर्स 114 सामने हरले. अमेरिकेत तेव्हा तळाला गेलेल्या संघाला पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू आधी निवडायला मिळायचा. त्या नियमाप्रमाणे टायगर्सना पहिला नंबर मिळाला आणि त्यांनी ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा हा पोरगा उचलला. नुसत्या सहीचे त्याला सुमारे 84 लाख डॉलर मिळाले. 2021 मध्ये मायनर लीगच्या, म्हणजे मोठ्या संघांखालच्या शाखा-संघांच्या, तीन पायऱ्या एकाच हंगामात चढत त्याने 30 होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे, थेट कुंपणापलीकडे) मारले. गावाला वाटलं, आला आपला माणूस. पण 2022 मध्ये मोठ्या संघात सरासरी .203, म्हणजे शंभरदा बॅटिंगला येऊन जेमतेम वीस हिट. जुलैत त्याला खाली टॉलिडोच्या शाखा-संघात पाठवलं. सप्टेंबरात परत आला, आणि 2023 मध्ये 31 होमरन मारले. 2024 मध्ये पुन्हा गाडी घसरली. 54 सामन्यांत चार होमरन, सरासरी .201, आणि जूनच्या सुरुवातीला पुन्हा टॉलिडो.

"मामा, चोवीस वर्षांचा आहे तो," भाचा म्हणाला. "लहान मूल नाही. फास्टबॉलवर त्याची बॅट उशिरा येते. सगळ्या पिचरना कळलंय ते. अजून किती दिवस द्यायचे?"

आजोबांकडे उत्तर तयार होतं. अल कॅलाइन. 1953 साली अठराव्या वर्षी शाळेतून थेट टायगर्समध्ये आलेला, मायनर लीगमध्ये एक दिवस न खेळलेला. "1954 च्या अख्ख्या हंगामात त्याचे होमरन किती? चार! आणि पुढच्या वर्षी .340, लीगमध्ये सगळ्यांत वर. त्या वर्षी त्याला हाकलला असता तर?"

"तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता," भाचा म्हणाला. आजोबांनी मान हलवली, पण हार काही मानली नाही. 2020 ला कोविडमुळे मायनर लीग खेळवलीच नाही, ड्राफ्टही फक्त पाच फेऱ्यांचा झाला. त्या पोरांचं शिकायचं एक वर्ष गेलं, ते कोण मोजणार, हा त्यांचा पुढचा मुद्दा. मला तो फार वजनदार वाटला. भाच्याला नाही. त्याच ड्राफ्टच्या पाचव्या, शेवटच्या फेरीतला कोल्ट कीथ त्याने पुढे केला. कीथने मोठ्या संघात पाऊल टाकायच्या आधीच, त्या जानेवारीत, टायगर्सनी त्याच्याशी सहा वर्षांचा 2 कोटी 86 लाख डॉलरचा करार केला होता. एप्रिल संपला तरी त्याचा एक होमरन नाही, म्हणून लोक त्याच्यावरही तुटून पडले होते. जुलैत त्याची बॅट चालायला लागली आणि ओरड थांबली.

शनिवारी आम्ही सगळे टायगर्सच्या मैदानावर, कोमेरिका पार्कला गेलो. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर, फॉक्स थिएटरच्या समोर, दारातच वाघांचे पुतळे डरकाळी फोडत उभे. मैदान 2000 साली उघडलेलं. त्याआधीचं मैदान मिशिगन आणि ट्रंबल रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं. आजोबांचं मन अजून तिथंच आहे, तिथून जाताना ते गाडीचा वेग कमी करायला लावतात. आतलं सगळंच देखणं आहे, भिंतीपलीकडे डेट्रॉइटच्या उंच इमारती दिसतात. पण मी रेंगाळलो डावीकडच्या पुतळ्यांपाशी. कॅलाइनचा पुतळा एका हाताने झेल घेताना आहे, अंग पूर्ण ताणलेलं. आजोबा तिथं टोपी काढून उभे राहिले. भाचाही शेजारी गप्प उभा होता. कॅलाइनच्या बाबतीत दोघांत वाद नाही.

सामना सुरू झाल्यावर मला खरी मजा कळली. 2023 पासून पिचरला घड्याळ लावलंय, चेंडू ठरावीक सेकंदांत टाकायलाच लागतो, तरी बोलायला पुष्कळ फट मिळते. त्या फटीत अख्खी रांग बोलत होती. पुढच्या रांगेतल्या काकूंचं म्हणणं, मैदानच एवढं मोठं की दुसरीकडे होमरन झाले असते ते इथं झेल होतात. मागून कोणी तरी म्हणालं, मधली भिंत 2023 च्या आधी दहा फूट आत आणली, आता हे कारण चालणार नाही. तिसऱ्याचा राग वेगळाच. 2018 च्या ड्राफ्टचा पहिला नंबर केसी माइझ, 2020 चा पहिला नंबर टॉर्क, आणि संघ तरला कोणावर? नवव्या फेरीत मिळालेल्या पिचर तारिक स्कुबलवर! मग तळाला जाऊन एवढे सामने हरण्यात मिळवलं काय?

या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हतं. 2014 नंतर या संघाने प्लेऑफ पाहिले नव्हते. दहा वर्षं 'पोरं तयार होतायत' एवढंच ऐकत आलेल्या माणसाचा संयम संपला तर त्याला नावं ठेवायची माझी तरी तयारी नाही.

दुसऱ्या दिवशी भाचाच म्हणाला, "टॉलिडोला जाऊ या?" टॉर्कला विकून टाका असं आठवडाभर ओरडणारा पोरगा त्याला बघायला दुसऱ्या राज्यात जायला निघाला होता. आजोबा आमच्या आधी गाडीत.

डेट्रॉइटहून टॉलिडो साठ मैल. आय-75 ने दक्षिणेला निघायचं. आधी कारखान्यांची धुरांडी, मग मन्रोच्या आसपास डावीकडे अणुवीज केंद्राचे दोन अवाढव्य मनोरे, मग सपाट शेतं, आणि ओहायोची पाटी. टॉलिडो हे मॉमी नदीवरचं, काचेच्या कारखान्यांनी वाढलेलं जुनं शहर. तिथल्या संघाचं नाव मड हेन्स. 1896 च्या सुमाराला त्यांचं मैदान दलदलीजवळ होतं, तिथल्या पाणपक्ष्यांवरून हे नाव पडलं. आपल्याकडच्या तळ्यांत दिसणाऱ्या चांदव्याचाच हा अमेरिकन भाऊबंद. 1987 पासून हा संघ टायगर्सची ट्रिपल-ए शाखा आहे, मोठ्या संघाच्या दाराबाहेरची शेवटची पायरी. पोरं फ्लोरिडात लेकलँडला सुरुवात करतात, मग वेस्ट मिशिगन, मग पेनसिल्व्हेनियात एरी, मग टॉलिडो. ही नावं भाच्याला पंढरीच्या वाटेवरच्या मुक्कामांसारखी पाठ आहेत.

मैदान 2002 चं, विटांच्या जुन्या गोदामांच्या मधोमध बसवलेलं. उजव्या कोपऱ्यात एक मजला गोदामाला टेकून मैदानावर झुकलेला आहे, त्याला म्हणतात 'रूस्ट', कोंबड्यांची बसायची जागा. आम्ही बसलो फर्स्ट बेसच्या बाजूला, डगआउटच्या (खेळाडूंच्या बाकांच्या) मागे. टॉर्क इतक्या जवळ, की हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज स्पष्ट ऐकू यावा. दांडगा, रुंद खांद्यांचा पोरगा. दोन इनिंगच्या मधल्या वेळेत इन्फिल्डरांना चेंडू टाकत होता, एकाच लयीत.

माझ्या शेजारी टॉलिडोच्या एक बाई होत्या, साठीच्या. मांडीवर स्कोअरची वही, कानामागे पेन्सिल. प्रत्येक बॅटरपुढे चौकोन, त्यात हिऱ्याच्या आकाराची रेघ. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाला, की 'के'. बॅट न फिरवता उभ्या उभ्या बाद झाला तर 'के' उलटा. मी विचारल्यावर त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मागच्या पानांवर टॉर्कच्या नावापुढे बरेच 'के' होते, काही सरळ, काही उलटे. मी उलट्यांवर बोट ठेवलं. "हे मला आवडत नाहीत," त्या म्हणाल्या. "बॅट फिरवून चुकला तर चालेल. नुसता बघत उभा राहिला की समजायचं, पोराच्या डोक्यात फार गर्दी झालीय."

2021, 2022 आणि आता 2024. तीनही वेळा त्यांनी त्याला इथं पाहिलंय. त्यांच्या बोलण्यात डेट्रॉइटचा संताप नव्हता. इथं राहायचं म्हणून कोणी येत नाही, हे टॉलिडोच्या लोकांना पुरतं ठाऊक आहे. वर जाताना एकदा आणि घसरल्यावर एकदा, अशी ही पोरं त्यांना दोनदा भेटतात. पार्कर मेडोजचंही त्यांनी सांगितलं. चपळ सेंटर फिल्डर, पण .096 वर अडकल्यामुळे मेमध्ये खाली आलेला. "पहिला आठवडा मान खाली घालून असायचा. नंतर चेंडू सोडायला शिकला."

ट्रिपल-ए मध्ये तेव्हा एक नवी गोष्ट चालू होती. पंचाचा निर्णय पटला नाही की बॅटर हेल्मेटवर टपली मारतो, आणि मोठ्या पडद्यावर चेंडू नेमका कुठून गेला ते दिसतं. एका बॅटरने टपली मारली, चेंडू रेघेबाहेर निघाला, सगळं मैदान ओरडलं. टॉर्क बॅटिंगला आला तेव्हा मात्र आमच्या रांगेत सगळे गप्प. एक उंच फास्टबॉल त्याने मागे फाउल केला. भाचा पुटपुटला, "उशीर." पुढचा तसाच उंच चेंडू त्याने सोडला. आजोबांनी भाच्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, बोलले काहीच नाहीत.

मला तिथं बसल्या बसल्या पृथ्वी शॉ आठवत होता. 2018 मध्ये राजकोटला अठराव्या वर्षी पदार्पणातच कसोटी शतक, आणि नंतर मुंबईच्या कट्ट्याकट्ट्यावर हाच वाद. पण आपल्याकडे घसरलेल्या पोराला रणजीचे मोजके सामने मिळतात, आणि एरवी नेट्स. इथं ट्रिपल-एचा हंगाम दीडशे सामन्यांचा, मंगळवार ते रविवार रोज मैदान, रोज चार-पाच वेळा बॅट हातात. चुका करायला इतकी जागा मिळणं हीच मला या खेळातली सगळ्यांत शहाणपणाची व्यवस्था वाटली. टॉर्कला खाली पाठवलं ते बरोबरच होतं. त्याला विकून टाकणं चूक ठरलं असतं. हे मी परतीच्या वाटेवर बोलून दाखवलं, तर मन्रोपर्यंत भाचा माझ्याशीच भांडत होता.

ऑगस्टच्या मध्यावर टॉर्कला परत बोलावलं. तेव्हा टायगर्स संपल्यातच जमा होते, जुलैअखेरीसच जॅक फ्लॅहर्टीसारखा पिचर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना देऊन टाकलेला. आणि मग याच पोरांनी धडाका लावला. 5 सप्टेंबरला सॅन डिएगोत नवव्या, शेवटच्या इनिंगमध्ये, दोन बाद, एकच स्ट्राइक उरलेला असताना मेडोजने ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावांचा होमरन मारला. तोच .096 वाला मेडोज! त्या रात्री भाच्याने फोनवर नुसता आरडाओरडा केला, शब्द एक कळला नाही. 86 विजय, दहा वर्षांनी प्लेऑफ, ह्यूस्टनला त्यांच्या घरी हरवलं आणि क्लीव्हलँडशी पाचव्या सामन्यापर्यंत झुंज दिली. 2025 मध्ये टॉर्कने पुन्हा 31 होमरन मारले.

अंगणातला वाद 2025 मध्ये मॅक्स क्लार्कवर आला. 2023 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरवर टायगर्सनी या शाळकरी पोराला घेतलं आणि लगेच चौथ्यावर टेक्ससने वायट लँगफर्डला उचललं. लँगफर्ड 2024 पासूनच मोठ्या संघात खेळतोय, क्लार्क 2025 च्या जुलैत कुठे एरीला पोचला. भाच्याचं म्हणणं, निवड चुकली. आजोबांचं म्हणणं, पोरगा आत्ता कुठे वीस वर्षांचा झालाय. एरी नोव्हायहून गाडीने चार-साडेचार तास लांब आहे. पुढच्या खेपेला मी तिकडे गेलो की तिघांनी एरीला एक रात्र मुक्काम करायचा असं ठरलंय, आणि भाच्याने हॉटेलं बघायला सुरुवातही केलीय.