नाव विचारणारी माणसं

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या वॉल्थमच्या मूडी स्ट्रीटवर त्या सकाळी ज्या लोकांनी एका ड्रायव्हरला पकडणाऱ्या मास्कवाल्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांना जाब विचारला, त्यांना अटक काही थांबवता आली नाही. "आरडाओरडा करून मिळालं काय?" असं मला नंतर आपल्याच माणसांनी विचारलं. काय मिळालं, ते सांगते.

मी इथे एका इमिग्रेशन वकीलबाईंकडे पॅरालीगल, म्हणजे कायद्याच्या कामातली मदतनीस आहे. कायद्याचं शिक्षण पुण्यात झालं. 2025 चा ऑक्टोबर होता. खालून शिट्ट्या ऐकू आल्या म्हणून खिडकीतून डोकावले आणि तशीच जिना उतरले. बागकामाची एक पिकअप रस्त्यात अडवलेली, पुढेमागे काळ्या काचांच्या गाड्या. जीन्स आणि हूडीतली चार माणसं, डोळ्यांखाली सगळा चेहरा झाकलेला. एकाच्या जॅकेटावर नुसतं 'पोलीस', कुठल्या खात्याचे ते नाही. पिकअपच्या ड्रायव्हरचे हात मागे बांधलेले. गाडीचं इंजिन अजून चालूच होतं.

बेकरीवाल्या बाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या होत्या. "तुम्ही कोण? बिल्ला दाखवा," हे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. कुत्र्याला फिरवायला निघालेले एक आजोबा वॉरंट मागत होते. उत्तर एकच, "मागे व्हा." त्यातल्या एकाने उलट लोकांच्याच तोंडासमोर फोन धरला. जूनमध्ये मिनेसोटात पोलिसाच्या वेशात आलेल्या माणसाने मेलिसा हॉर्टमन या लोकप्रतिनिधीचा आणि त्यांच्या पतीचा घरी जाऊन खून केला होता. त्यानंतर "हे पोलीसच आहेत कशावरून?" हा प्रश्न आगाऊपणाचा कसा म्हणायचा? कुणीतरी 911 ला फोन केला. गावचा पोलीस आला, त्याने चौघांची ओळखपत्रं पाहिली आणि म्हणाला, "हे केंद्राचे अधिकारी आहेत, मला यात पडता येत नाही." शक्य आणि सुरक्षित होताच अधिकाऱ्याने आपण कोण आणि अटक का, हे पकडलेल्या माणसाला सांगायचं, असा केंद्राचाच नियम आहे. इथे ते कळलं गावच्या पोलिसाकडून.

आजोबांना वॉरंट दाखवलं असतं, तरी बहुधा ते इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याच्या सहीचं निघालं असतं. त्यावर न्यायाधीशाची सही नसते. रस्त्यावर अटक करायला ते चालतं, परवानगीवाचून घरात शिरायला नाही.

मग बेकरीवाल्या बाईंनी त्या चौघांचा नाद सोडला आणि त्या ड्रायव्हरला स्पॅनिशमध्ये ओरडून म्हणाल्या, "तुझं नाव सांग! पूर्ण! जन्मतारीख!" तो ओरडला. ग्वाटेमालाचा माणूस, दोन नावं, दोन आडनावं. मी बेकरीच्या कागदी पिशवीवर लिहून घेतलं. दुसरं आडनाव मला नीट कळेना, ते बाईंनी अक्षर-अक्षर सांगितलं. बायकोचा फोन नंबर तो सांगू लागला, तोवर दार लागलं.

सगळं त्या पिशवीवर उभं होतं. पकडलेल्यांना शोधायची सरकारी वेबसाइट आहे. तिथे एक तर खात्याने दिलेला नंबर लागतो, नाही तर अचूक नाव, आणि दोन्हींसोबत जन्मदेश. आणि वेळ फार थोडा असतो. बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धचा हेबियस कॉर्पस अर्ज साधारणपणे माणूस ज्या जिल्ह्यात डांबलेला आहे तिथल्याच केंद्रीय कोर्टात करावा लागतो. मार्चमध्ये सॉमरव्हिलला टफ्ट्स विद्यापीठाच्या रुमेसा ओझटर्क या विद्यार्थिनीला साध्या वेशातल्या मास्कवाल्यांनी भर रस्त्यात उचललं. वकिलांनी बॉस्टनमध्ये अर्ज केला तोवर तिला राज्याबाहेर नेलं होतं, दुसऱ्या दिवशी ती लुइझियानात होती. खटला व्हर्मॉंटला गेला आणि ती सुटली 9 मे रोजी. एकदा अर्ज दाखल झाला, की नंतर माणूस हलवला तरी कोर्टाचा अधिकार सहसा जात नाही. म्हणून आधी नाव हवं.

पुण्यात शिकताना डी. के. बसू खटल्याचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा निकाल आम्ही घोकला होता. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, अटकेचा कागद जागीच व्हायला हवा, आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. आपल्याकडे हे किती पाळलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण निदान शेजाऱ्याला कायद्याने जागा दिली आहे. मूडी स्ट्रीटवर ती जागा बेकरीवाल्या बाईंनी न विचारता घेतली.

पलीकडच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानाच्या दारात एक मराठी मुलगा फोन धरून उभा होता. हात थरथरत होते. "ताई, मी एच-वन-बीवर आहे. व्हिडिओ काढला तर व्हिसाला काही होईल?" मी त्याला खोटा धीर दिला नाही. सार्वजनिक ठिकाणी पोलिसांचं चित्रण करण्याचा हक्क इथल्या अपील कोर्टाने 2011 मध्ये मान्य केला आहे. तोही बॉस्टन कॉमनवर फोनने चित्रण करणाऱ्याच्या खटल्यात. तरी व्हिसावरच्या माणसाने पुढे होऊ नये, असंच माझं मत आहे. "लांबूनच काढ, कुणाला हात लावू नकोस, गाडीच्या आड येऊ नकोस. नंबरप्लेटा घे," म्हटलं. त्याने घेतल्या.

पिशवी घेऊन वर आले. अर्ज मी टाइप केला, वकीलबाईंनी तपासून सही केली. अटकेची वेळ आणि जागा त्या मुलाच्या व्हिडिओवरून घातली. बेकरीवाल्या बाईंनी दुकान बंद ठेवून शपथपत्र दिलं. वेबसाइटवर त्याचं नाव तेव्हा आलंच नव्हतं. संध्याकाळी न्यायाधीशांचा आदेश आला: या माणसाला मॅसॅच्युसेट्सबाहेर हलवायचं नाही. पुढे जामिनावर सुनावणी मिळाली आणि तो सुटला. इमिग्रेशन कोर्टातला खटला चालू आहे, निकाल काय लागेल ते आज कुणी सांगू शकणार नाही. पण तो बायकापोरांजवळ राहून लढतो आहे, आणि तारखेच्या आधी आमच्या कार्यालयात स्वतः येऊन कागद देतो.