डेटनच्या कोर्टात एक दुपार

चट्टनूगाहून २७ नंबरच्या हायवेने उत्तरेकडे निघालं की तासाभराच्या आत डेटन येतं. टेनेसीतलं लहानसं गाव. मधोमध घड्याळाच्या मनोऱ्याचं, लाल विटांचं, १८९१ सालचं कोर्ट. जुलै १९२५ मध्ये ‘मंकी ट्रायल’ चालली ती इथेच. वर्गात उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकावर भरलेला खटला.

मी आधी तळघरातल्या म्युझियममध्ये गेलो आणि माझी सगळी कल्पनाच कोसळली. मला वाटत होतं, धर्ममार्तंडांनी एका गरीब मास्तरला पकडलं असणार. प्रत्यक्षात बेत शिजला औषधांच्या दुकानात! मानवाची उत्पत्ती बायबलविरुद्ध शिकवायला बंदी घालणारा बटलर कायदा त्याच मार्चमध्ये झाला होता आणि त्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खर्च उचलायला एक नागरी हक्क संघटना तयार होती. खटला इथे झाला तर गावाचं नाव होईल, चार पैसे येतील, असा विचार करून गावातल्या मंडळींनी स्कोप्सला बोलावून घेतलं. तो मुळात फुटबॉलचा कोच. जीवशास्त्र शिकवलं होतं ते बदलीवर. उत्क्रांतीचा धडा आपण घेतला होता की नाही, हेही त्याला नीट आठवत नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. ज्या पुस्तकावरून गुन्हा ठरला, ते राज्याचंच मंजूर पाठ्यपुस्तक. विकायला होतं त्याच दुकानात. आणि दुकानदार रॉबिन्सन हा स्कूल बोर्डाचा अध्यक्ष!

वरचं कोर्टाचं दालन अजून जपलेलं आहे. न्यायाधीशांचं टेबल, कठडा, ज्यूरीच्या खुर्च्या, प्रेक्षकांची लाकडी आसनं, सगळं त्या वेळचं. एका आसनावर टेकलो तर ते असं करकरलं की मी दचकून इकडेतिकडे पाहिलं. पण गंमत म्हणजे, ज्या उलटतपासणीसाठी हा खटला लोकांच्या लक्षात आहे, ती या खोलीत झालीच नाही. गर्दीच्या वजनाने खालचं छत बसेल या धास्तीने न्यायाधीशांनी २० जुलैला कामकाज हिरवळीवर हलवलं. तिथे स्कोप्सचा वकील डॅरो याने सरकारपक्षाचा वकील आणि उत्क्रांतीचा विरोधक ब्रायन यालाच साक्षीला उभं करून बायबलवरून धारेवर धरलं. ज्यूरी मात्र तेव्हा हजर नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी ती साक्ष नोंदीतूनच काढून टाकली. मग नऊ मिनिटांत निकाल: दोषी, १०० डॉलर दंड. ५० डॉलरच्या वरचा दंड ज्यूरीनेच ठरवायला हवा, एवढ्याच मुद्द्यावर वरच्या कोर्टाने १९२७ मध्ये तो रद्द केला. कायदा टिकला तो १९६७ पर्यंत.

ब्रायनची टिंगल करणं सोपं आहे, मीही करत आलो. पण तो वेडगळ नव्हता. त्याचा एक मुद्दा मला अजून सतावतो: शाळा लोकांच्या करावर चालते, तर तिथे काय शिकवायचं हे लोकांनी का ठरवू नये? सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये उत्क्रांतीवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. मग बायबलमधली उत्पत्ती ‘सृष्टिनिर्मितीचं विज्ञान’ असा अंगरखा चढवून आली, तीही त्याच कोर्टाने १९८७ मध्ये शाळेबाहेर काढली. पुढचा अंगरखा ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे सजीवांमागे कोणी बुद्धिमान रचनाकार असणार हा दावा. तो २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्यात उतरला. कर कोणीही भरो, सरकारी शाळेत धर्म शिकवता येत नाही, हे कोर्टाचं म्हणणं मला पटतं. तरी करदात्याच्या रागाला काहीच आधार नाही, असं मला म्हणवत नाही.

बाहेर हिरवळीवर ब्रायनचा पुतळा आहे, २००५ चा. डॅरोला मात्र २०१७ पर्यंत थांबावं लागलं.

परतताना एका पेट्रोल पंपावर पाण्याची बाटली घेतली. पावतीवर खाली सेल्स टॅक्स. म्हणजे ब्रायनच्या हिशेबाने इथल्या शाळेत काय शिकवावं यात माझाही काही सेंटांचा वाटा झाला होता.