ठशांची वही : सहा चमचे, एक अंगठी आणि साताऱ्याचं घड्याळ

मागची नोंद ऑक्टोबरात लिहिली होती, आता मार्च उजाडला. मधल्या काळात वहीत चांदी-सोन्याच्या अकरा डागांची भर पडली. एकूण एक्केचाळीस झाले. त्यांतल्या एकोणतीस डागांचं गाव, साल आणि ठसा कुणाचा ही तिन्ही पक्की झाली आहेत, आठांचं अर्धवट आहे आणि चार अजून दाद देत नाहीत.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी बर्मिंगहॅममध्ये राहते, रविवारी पहाटे मैदानातल्या कार बूट सेलला (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) जाते आणि ब्रिटिश ठसे असलेली जुनी चांदी, क्वचित सोनं, ओळखायला शिकते आहे. जुन्या ब्रिटिश चांदीवर साधारण चार ठसे असतात. चालता सिंह म्हणजे ९२५ ची, हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी, बारा औंसांत अकरा औंस दोन पेनीवेट (पेनीवेट म्हणजे औंसाचा विसावा भाग). दुसरा ठसा तपासणी झालेल्या शहराचा : लंडनचं बिबट्याचं डोकं, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा मुकुट (१९७५ पासून तिथे गुलाब आला), चेस्टरच्या गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार. तिसरं वर्षाचं अक्षर, चौथी ठसा नोंदवणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. १७८४ पासून १८९० पर्यंत पाचवा ठसाही असे, राजाचं किंवा राणीचं डोकं. ती कर भरल्याची खूण.

या पाच महिन्यांत माझ्यात एक बदल झाला, आणि तोच आज लिहायचा आहे. पूर्वी भिंगात डोळा गेला की मी आधी वर्षाचं अक्षर शोधायचे. साल कळलं की बाकीचं आपोआप जुळेल असं वाटायचं. आता अक्षर सगळ्यात शेवटी वाचते. का, ते चमच्यांनी शिकवलं.

चमचे

नोव्हेंबरात एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून सहा टीस्पून घेतले, नव्वद पौंडांना. दांड्याला फिडल पॅटर्नचे, म्हणजे व्हायोलिनसारख्या आकाराचे खांदे, ठसे दांड्याच्या मागे. पहिला चमचा उचलला, अक्षर दिसलं साधं स्मॉल आर. लंडनची अक्षरमाला तेव्हा वीस अक्षरांची असे, ए ते यू, त्यात जे नाही. वीस वर्षं संपली की अक्षराची घडण किंवा भोवतीची चौकट बदलून पुन्हा ए पासून सुरुवात. माझ्या डोक्यात ताजं चक्र १८९६ चं होतं. ते साध्या स्मॉल अक्षरांचंच. त्यात आर म्हणजे १९१२. वहीत १९१२ लिहूनही टाकलं.

दोन दिवसांनी उजेडात पाहिलं तर शेजारीच राजाचं डोकं, उजवीकडे बघणारं. १८९० नंतर डोकं बंद झालं, मग १९१२ साली ते कुठून येणार? उलट वाचत गेले. डोकं आहे, म्हणजे १८९० च्या आतलं. बिबट्याच्या डोक्यावर मुकुट नाही, म्हणजे १८२१ च्या नंतरचं, कारण त्या साली लंडननं बिबट्याचा मुकुट काढला. डोकं उजवीकडे पाहतंय, म्हणजे व्हिक्टोरिया नाही, तिचं डावीकडे पाहतं. उरलं १८२१ ते १८३७. त्यात साध्या स्मॉल अक्षरांचं चक्र एकच, १८१६ ला सुरू झालेलं, आणि त्यातला आर म्हणजे १८३२. ऐंशी वर्षांची चूक मी एका अक्षरावर विसंबून केली होती.

लंडनमध्ये तेव्हा अक्षर मे अखेरीस बदलत असे. त्यामुळे काटेकोरपणे १८३२-३३ असं लिहायला हवं. वहीत सगळीकडे आता मी जोडसालच लिहिते. १९७५ पासून सगळ्या शहरांचं अक्षर १ जानेवारीला बदलायला लागलं, तिथे एकच साल पुरतं.

खरी मौज पुढे आहे. सहापैकी चार चमच्यांवर आर आणि आद्याक्षरं डब्ल्यू सी. उरलेल्या दोहोंवर अक्षर टी, म्हणजे १८३४-३५, आणि आद्याक्षरं एम सी. नक्षी, वजन, वाक तंतोतंत एकच. आधी वाटलं दोन कारखाने असतील, कुणीतरी जोड जमवलेली दिसते. पण डब्ल्यू सी म्हणजे विल्यम चॉनर, लंडनमधला चमचे-काटे घडवणारा मोठा माणूस. तो १८३४ साली वारला. त्याच वर्षी त्याची बायको मेरी चॉनर हिनं स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला आणि कारखाना चालू ठेवला. पुढे तो तिच्या जावयाकडे, जॉर्ज ॲडम्सकडे गेला. माझ्या हातातल्या चौथ्या आणि पाचव्या चमच्याच्या मध्ये एका घरातला कर्ता माणूस गेलेला आहे. कारागीर तेच, भट्टी तीच, फक्त जबाबदारीचं नाव बदललं. ते लक्षात आल्यावर मी चमचे खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले.

विधवेनं ठसा नोंदवण्याची ही एकटी घटना नाही. सगळ्यांच्या तोंडी असणारी हेस्टर बेटमन तशीच. नवरा १७६० साली गेला, तिनं १७६१ मध्ये आपली एच बी ही आद्याक्षरं नोंदवली आणि पुढची जवळपास तीस वर्षं धंदा वाढवला. तिच्या नावाचा डाग मला अजून मिळालेला नाही, आणि मिळाला तर परवडायचा नाही.

ठसा वाचायची माझी सध्याची पद्धत

दहापटीचं भिंग आणि आडवा उजेड, एवढ्यानं बहुतेक काम होतं. दिवा डोक्यावर नको, बाजूनं हवा, म्हणजे कडांची सावली पडते. झिजलेल्या ठशावर आधी हलकी फुंकर मारावी. वाफ उडताना क्षणभर आकार दिसतो.

त्यापुढचा उपाय काजळीचा. मेणबत्तीच्या ज्योतीवर ठसा किंचित धरायचा, काजळी बसू द्यायची, गार झाला की त्यावर चिकटपट्टी दाबून उचलायची आणि पांढऱ्या कार्डावर चिकटवायची. उठावाचं काळं चित्र मिळतं, आणि वहीत कायमचं राहतं. लहानपणी आजी वाटीवर काजळ धरायची तेव्हा वाटीवरचे ओरखडे बोटावर उमटायचे, तसंच हे. चिकट सरस, मोती किंवा खडे बसवलेल्या डागावर मात्र हे करू नका, उष्णतेनं बिघडतात.

आणि कृपा करून ठशावर पॉलिश घासू नका. बाकीचा चमचा चमकवा, पण तेवढी जागा सोडा. दर दिवाळीला घासलेली चांदी इथेही असते, फक्त इथे ती नाताळला घासतात. दीडशे वर्षांच्या घासण्यानं अक्षराचा पोटातला दांडा जातो आणि सी, जी, ओ सारखेच दिसायला लागतात.

डिसेंबरातली चूक

थंडीत, अर्धवट उजेडात एक छोटी साखरदाणी घेतली. चार वेगवेगळ्या ढालींत चार ठसे, एकात मुकुट दिसला. शेफील्ड समजून पैसे मोजले. घरी येऊन पाहिलं तर ढालींतली अक्षरं सलग होती : ई, पी, एन, एस. इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर, तांबं-निकेल-जस्त, त्यावर चांदीचा मुलामा. १८४० साली एल्किंग्टननं विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं, ते याच शहरात, आणि त्यानंतर असा माल अफाट निघाला. प्रत्येक अक्षर वेगळ्या ढालीत ठोकलं की लांबून ते खऱ्या ठशांच्या रांगेसारखंच दिसतं. सिंह नसेल तर पाकीट उघडायचं नाही, हा नियम मी त्या दिवशी पाळला नाही. सिंह शोधला असता तर दहा सेकंदांत कळलं असतं.

साखरदाणी ठेवली आहे. मुलामा उडालेल्या कडेला पिवळट धातू दिसतो, तो ओळखायला शिकण्यासाठी.

अंगठी

सोन्याचा अनुभव तोकडा आहे म्हणून थोडक्यात. एका दुकानातून जुनी अंगठी आणली, आत नांगर, १५ हा आकडा आणि .६२५. पंधरा कॅरेट १८५४ साली नऊ आणि बारा कॅरेटबरोबर सुरू झालं आणि १९३२ साली बारा-पंधरा दोन्ही बंद करून त्यांच्या जागी चौदा आणलं. तेवढ्या एका आकड्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांची चौकट मिळते. पुढचं अक्षर मात्र कुणीतरी अंगठी मोठी करताना मधोमध कापलं आणि तिथे डाक लावला. खालचा अर्धा गोल उरला आहे. बी, डी, ओ यांपैकी काहीही असू शकतं. वहीत ‘अर्धवट’ या रकान्यात गेली.

ओळखीतल्या मैत्रिणींना पंधरा कॅरेट सांगितलं की त्या नाक मुरडतात. आपण बावीसच्या खाली पाहत नाही. पण ही अंगठी रोज घालून, भांडी घासून शंभर वर्षं टिकलेली आहे, हेही पाहायला हवं.

घड्याळ

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते. जानेवारीत साताऱ्याहून भाऊ आला, त्याच्याबरोबर आत्यानं पणजोबांचं खिशातलं घड्याळ पाठवलं. आमच्या घरात त्याची गोष्ट ठरलेली आहे : १८९९ साली लग्नात सासऱ्यांनी दिलं.

मागचं झाकण उघडलं आणि आत नांगर. साताऱ्याच्या फडताळात सत्तर-ऐंशी वर्षं पडलेल्या घड्याळाच्या पोटात माझ्याच शहराचा नांगर होता. इथे १७७३ पर्यंत तपासणी कार्यालयच नव्हतं. चांदी सत्तरेक मैलांवर चेस्टरला पाठवावी लागे, वाटेत डाग चेपायचे, उशीर व्हायचा. मॅथ्यू बोल्टननं संसदेपुढे खटपट करून कायदा करवून घेतला आणि ३१ ऑगस्ट १७७३ ला कार्यालय सुरू झालं, न्यू स्ट्रीटवरच्या एका खानावळीच्या खोल्यांत. बर्मिंगहॅमला नांगर आणि शेफील्डला मुकुट का, तर दोन्ही शहरांची माणसं लंडनमध्ये ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत भेटायची म्हणून, असं सांगतात. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावाला नांगर मिळण्याचं दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

या वेळी शिस्तीनं वाचलं. सिंह आहे. नांगर आहे. राजाचं डोकं नाही, पण घड्याळाच्या बाहेरच्या डब्यांना १७९८ पासून तो कर माफ होता, त्यामुळे त्यावरून साल ठरत नाही; आतलं यंत्र अमेरिकेच्या वॉल्थम कंपनीचं, म्हणजे फार जुनं नाही. मग अक्षर : स्मॉल एन. बर्मिंगहॅमचं चक्र १९०० साली स्मॉल ए पासून सुरू झालं, जे वगळून मोजलं की एन म्हणजे १९१२-१३. यंत्रावरच्या क्रमांकावरूनही साधारण तोच काळ निघाला. वरच्या कडीवर ठसा नाही, ती बहुधा नंतर बदललेली.

आद्याक्षरं ए एल डी. आरन लफकिन डेनिसन. जन्म १८१२, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. ज्या कंपनीची पुढे वॉल्थम झाली ती उभी करणाऱ्यांतला हा एक. नंतर इंग्लंडला आला, बर्मिंगहॅमला स्थायिक झाला आणि घड्याळांच्या चांदीच्या-सोन्याच्या डब्या बनवायला लागला. ज्या कंपनीतून तो बाहेर पडला होता, तिच्याच यंत्रांना तो डब्या पुरवत होता.

पण डेनिसन १८९५ साली वारला. १९१२ च्या डबीवर त्याची आद्याक्षरं कशी? एखादा महिना आधी मी इथे अडकले असते, ठसा खोटा आहे असंही म्हटलं असतं. मेरी चॉनरमुळे सुटलं. ती आद्याक्षरं म्हणजे घडवणाऱ्या हाताची सही नव्हेच. चांदी कार्यालयात पाठवून ‘कमी निघाली तर मला धरा’ म्हणणाऱ्याची ती नोंद आहे. चॉनरच्या घरी नाव बदललं तेव्हा ठसा बदलला, डेनिसनच्या मागच्यांनी जुनाच ठसा चालू ठेवला. वर्षाचं अक्षरही मुळात आपल्यासारख्या छंदिष्टांसाठी नव्हतं. लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये १४७८ साली ते सुरू झालं, ते त्या वर्षीचा तपासनीस कोण होता हे पुढे शोधता यावं म्हणून. हॉलमध्ये नेऊन मारलेला मार्क, म्हणून हॉलमार्क. आपला सराफ कसोटीवर कस लावायचा आणि त्याच्या शब्दावर व्यवहार व्हायचा. इथे तो शब्द धातूवरच ठोकून ठेवला.

आत्याला फोन केला. १९१२ ऐकल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे आमचे आजोबा खोटं सांगायचे का गं?”

“तसं नाही आत्या. अक्षर फक्त एवढंच सांगतं, की त्याआधी ही डबी नव्हती. घड्याळ त्यांच्या हातात केव्हा आलं ते सांगत नाही. लग्नातलं घड्याळ दुसरं असेल, हे नंतरचं असेल.”

“दुसरं होतं खरं,” ती जरा वेळानं म्हणाली. “आई म्हणायची, एक विहिरीत पडलं.”

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला ठशांखाली सुईनं कोरल्यासारख्या बारीक रेघा आहेत. घड्याळजी दुरुस्ती केली की आपली खूण आणि तारीख अशी कोरून ठेवतात, हे माहीत होतं, म्हणून आधी दुर्लक्ष केलं. काल काजळी धरून उचलून पाहिल्या. दोन खुणा इंग्रजी आकड्यांत आहेत, न लागणाऱ्या. तिसरी देवनागरीत, स्वच्छ : १२-४-५१, आणि पुढे एकच अक्षर, ‘बा’. हा कुठल्याच तक्त्यात सापडायचा नाही. आत्याला विचारलंय, साताऱ्यात तेव्हा घड्याळं कोण दुरुस्त करायचं.