सत्यनारायणाला बसले आणि उठताच येईना

गेल्या श्रावणात आमच्या वरच्या मजल्यावर सत्यनारायण होता. कथा ऐकायला सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले, बसताना काही वाटलं नाही, आणि आरतीला सगळे उभे राहिले तेव्हा मी आपली खालीच. एक हात टेकला, दुसरा टेकला, पायात जोरच येईना, मागे भिंत नाही आणि पुढे चौरंग, त्याला धरावं तर अख्खी पूजा अंगावर यायची. शेवटी त्या घरातली सून आणि तिची कॉलेजातली मुलगी, दोघींनी काखेत हात घालून मला उचललं. निरांजनं पेटलेली, आरती खोळंबलेली, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. वय माझं 66. शुगर नाही, बीपी गोळीवर कंट्रोलमधे, रोज संध्याकाळी फिरायला जाते. मग हे काय?

तिथे हसण्यावारी नेलं पण रात्री सासूबाई आठवल्या. त्या एकदा बाथरूममधे घसरून पडल्या होत्या, एकोणऐंशीच्या असतील तेव्हा. हाड मोडलं नाही, फार लागलंही नाही, पण खालून उठताच येईना आणि दाराला आतून कडी. सुतार येऊन दार उघडेपर्यंत पाऊण तास बाई ओल्या फरशीवर बसून, वर आतून मलाच सांगतायत, "अगं कुकर बंद कर आधी." त्यानंतर आम्ही त्यांना कडी लावू दिली नाही, खाली बसू दिलं नाही, जिना उतरू दिला नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात. सगळं मायेनंच हो, पण वर्षभरात त्या पलंग ते खुर्ची एवढ्यावर आल्या. आता वाटतं आम्हीच त्यांना जपून जपून बसवून ठेवलं.

आपल्याकडे गुडघा जरा कुरकुरला की सल्ला ठरलेला, मांडी घालू नका, जिना टाळा. ज्याचा गुडघा खरंच झिजलाय किंवा बदललाय त्याला ते बरोबर असेल, पण माझे तर अजून धड आहेत. तरी आमच्या घरात बघा ना, डायनिंग टेबल आलं, कमोड आला, विळी माळ्यावर गेली, देवघर भिंतीवर चढलं, म्हणजे दिवसभरात जमिनीवर बसायचं एकसुद्धा कारण उरलेलं नाही. आणि मग वर्षातून एकदा सत्यनारायणाला बसल्यावर पाय ओळख कशी देणार.

शेवटी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. पोरगी माझ्या भाचीच्या वयाची. तिने एक साधी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "काकू, दोन्ही हात छातीशी घ्या आणि 30 सेकंदात जितक्या वेळा उठता-बसता येईल तितक्या वेळा करा." मी 7 वेळा. माझ्या वयाच्या बाईला निदान 11 तरी यायला हवेत म्हणे. मी म्हटलं अगं मी रोज पाऊण तास चालते, तर म्हणाली चाला की, चालणं चांगलंच आहे, पण त्याने मांड्यांची ताकद आणि तोल फारसा सुधारत नाही, ते वेगळं करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच आहे, पासष्टीच्या पुढे आठवड्याला 150 मिनिटं चालणं वगैरे आहेच, पण शिवाय किमान 3 दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम. हा दुसरा भाग आम्हाला कोणी सांगतच नाही.

घरी आल्यावर यांनाही त्याच खुर्चीवर बसवलं. आमचे हे 71, रोज तासभर मॉर्निंग वॉक, त्यातला अर्धा तास कट्ट्यावर. म्हणाले यात काय, आणि 9 वर दम लागला. यांना 12 हवे होते. मग खुर्चीच डुगडुगते म्हणाले.

तर आता माझं काय चालू आहे. सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्याला दोन बोटं लावून टाचा वर-खाली, 20 वेळा. कुकरची शिट्टी होईपर्यंत एका पायावर, मग दुसऱ्या (डावा पाय अजून लटपटतो, ओटा हाताशी असल्याशिवाय करत नाही). खुर्चीवरून उठ-बस 10 च्या दोन फेऱ्या. यांच्या जुन्या मोज्यात अर्धा किलो मीठ भरून ते घोट्याला बांधते आणि खुर्चीत बसून पाय सरळ करते, दिसतं विनोदी पण मांडी चांगली भरून येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जमिनीवरून उठायची प्रॅक्टिस. समोरून सरळ उठायला जायचंच नाही, आधी कुशीवर वळायचं, मग रांगणाऱ्या बाळासारखं चार पायांवर, खुर्ची जवळ ओढायची, तिच्यावर हात, एक पाऊल पुढे रोवायचं आणि वर. पहिल्या दिवशी हे बाजूला उभे राहून "सांभाळ सांभाळ" करत होते, त्यांना बाहेर काढलं.

खाण्यातही थोडा बदल केला, वरणाच्या पाण्याऐवजी घट्ट वरण, आणि एकादशीच्या साबुदाण्यावर जास्तीचं दाण्याचं कूट आणि दही. नुसता पाय हलवून स्नायू कशाचा होणार.

या वयात आता काय होणार असं मलाही वाटायचं. पण 1990 मधे बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या आजी-आजोबांकडून 8 आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली होती, चांगली जड वजनं, तर पायाची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. हे वाचल्यावर सहासष्टीचं रडगाणं बंद केलं.

पाच महिने झाले. खुर्चीवर आता 12 होतात. आमची बिल्डिंग डोंबिवलीतली जुनी, लिफ्ट नाही, 54 पायऱ्या, त्या आता मधे न थांबता चढते, पिशवीत दोन किलो कांदे असले तरी. रिडेव्हलपमेंट झालं की लिफ्ट येणारच आहे असं गेली नऊ वर्षं ऐकतेय.

येत्या रविवारी त्याचीच मीटिंग आहे, गच्चीवर, सतरंजी टाकून. सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलंय की सिनियर सिटिझनसाठी दहा खुर्च्या ठेवल्यात, नावं द्या. यांनी स्वतःचं दिलंय. मी दिलेलं नाही.