काटा लावताना

शनिवार, रात्री

खोकं शेवटी उघडलं. आत ११ कॅसेट, सगळ्या साठ मिनिटांच्या, १९९६ ते २००१ मधल्या. पियानोवर बसून सुचेल ते वाजवायचं आणि टेप करून ठेवायचं, असा तेव्हा नाद होता. वरच्या चिठ्ठ्यांवर माझंच अक्षर: 'खास', 'खास २', 'ठेवायची', 'पुसून वापर'. फेकून द्यायच्या ठरवून तीनदा हातात घेतल्या होत्या. संगीतकार शोपॅंनं म्हणे न छापलेली हस्तलिखितं जाळायला सांगितली होती, आणि त्याच्या मित्रानं त्यातलीच काही १८५५ मध्ये छापून टाकली. माझ्याकडे असा मित्र नाही, त्यामुळे दोन्ही कामं मलाच करायची.

एका कॅसेटमधली फितीमागची फेल्टची इवलीशी गादी गळून पडली होती. चिमट्यानं उचलून डिंकानं परत चिकटवली. वाजली.

पण सूर जुळेना. पियानोवर शोधायला गेले तर प्रत्येक सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत. मग लक्षात आलं, कॅसेटची फीत सेकंदाला साधारण पावणेपाच सेंटिमीटर सरकायला हवी. माझा जुना टेपरेकॉर्डर तेव्हा जरा संथ धावत असणार, म्हणून आताच्या डेकवर सगळं चढं ऐकू येतं. कॉम्प्युटरवर घेऊन वेग तीन टक्क्यांनी उतरवला आणि सूर पट्टीवर येऊन बसला. तीन टक्के म्हणजे अर्ध्या स्वराचाही अर्धा. एवढ्याशा फरकानं मी स्वतःला अनोळखी वाटत होते.

रविवार

दिवसभर ऐकलं. 'खास' आणि 'खास २' ऐकताना कान गरम झाले.

वाईट वाजवलंय असं नाही. बोटं तर आतापेक्षा चपळ होती. पण प्रत्येक ठिकाणी मला सांगता येत होतं की हे कोणाचं. इथे जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स: डाव्या हातात मूळ सूर गाळलेले कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, उजव्या हातात तो मान खाली घातलेला हळवेपणा. इथे सिनेमात पाऊस पडताना वाजतं ते. इथे कोणीतरी रेडिओवर रात्री उशिरा ऐकलेला, ज्याचं नाव कधीच कळलं नाही. एका ठिकाणी मी इतकी रंगात आलेय की स्वतःशी गुणगुणतेय, आणि मागून भाऊ विचारतोय, "ताई, संपलं का?" सबंध कॅसेटमधलं सगळ्यात अस्सल वाक्य तेच.

संध्याकाळी कंटाळून फक्त सुरुवाती ऐकत बसले, कुठली बाजू कधीची ते लिहून ठेवावं म्हणून. आणि तिथे अडकले.

टेप करण्याआधी आवाजाची पातळी लावावी लागायची. डेकवर एक काटा होता. आवाज फार कमी घेतला तर नुसती खरखर, फार घेतला तर काटा लाल भागात जाऊन पडायचा आणि जोरातला सूर फाटायचा. म्हणून खरं वाजवायच्या आधी चाळीसेक सेकंद काहीतरी वाजवायचं आणि काट्याकडे बघत बटण फिरवायचं. हे सगळं टेप होत होतं. ते पुसायचं मला कधी सुचलं नाही, कारण ते मी काही 'वाजवलेलं' नव्हतं.

आणि या चाचण्यांत मी दरवेळी तेच वाजवलंय.

डाव्या हातात खाली डी आणि ए. डीला सा धरला तर सा आणि प. उजव्या हातात रे, प, म, रे. मग थांबते. चार सेकंद, कधी पाच. डावा हात चालूच. परत रे, प, म, रे. उतरून सा वर येतच नाही. गंधार नाहीच, त्यामुळे मेजर की मायनर तेही ठरत नाही. दार अर्धवट लोटून ठेवल्यासारखं. हे कोणाचं ते मला सांगता येईना. दहा वेळा तरी लावलं असेल.

सोमवार

मोजलं. २२ बाजू. त्यातल्या १९ बाजूंना चाचणी आहे. १४ मध्ये हेच.

भारावून जायच्या आधी थोडा तपास केला, ते बरं झालं. आमच्या त्या पियानोची मधल्या सप्तकातली एफ शार्प चिकटायची. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्टीच्या भोकातलं फेल्ट आवळतं, आणि दाबलेली पट्टी वर यायला तयार नसते. डीला सा धरला तर एफ शार्प म्हणजे शुद्ध गंधार! म्हणजे मी गंधार टाळला कारण तो वाजतच नव्हता. वा. माझा निजी सूर म्हणजे एक फुगलेली पट्टी.

पुढे अजून एक. ते चार सेकंदांचं थांबणं. हेडफोन लावून ऐकलं तर त्या थांबण्यात डाव्या हाताचा आवाज हळूच मोठा होतो. दाबाचा जोर वाढलेला नाही, सुराचा पोत तोच, फक्त सगळं जवळ येतं, खोलीची खरखरसुद्धा. डेक उजवीकडे स्टुलावर असायचा. उजवा हात थांबायचा कारण तो बटण फिरवायला गेलेला असायचा! रे वर थांबण्यात काही गूढ नव्हतं. हात कामात होता.

हसू आलं. मग वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

सोमवार, परत, उशिरा

झोप येईना म्हणून पुन्हा ऐकलं. दोन गोष्टी.

सातव्या कॅसेटच्या आधी कधीतरी पियानो दुरुस्त झालाय. तिथे सुरुवातीला मी सरळ डी मेजर वाजवून बघतेय आणि एफ शार्प स्वच्छ बोलतोय, तो आनंद बोटांत ऐकू येतो. त्यानंतर लगेच चाचणी: रे, प, म, रे. गंधार नाही. आणि कोमल गंधार तर कधीच चिकटत नव्हता, तोही सगळीकडे टाळलाय.

दुसरं, 'पुसून वापर' मध्ये अकराव्या मिनिटाला, जिथे बटणाचा काही संबंध नाही, उजवा हात रे वर येऊन थांबतो. आवाज वाढत नाही. हात नुसता थांबलाय.

म्हणजे पट्टीनं आणि बटणानं मला एक वळण लावलं, आणि पट्टी सुटली, बटण गेलं, तरी ते मी ठेवून घेतलं. चालणं कोणाचं कसं असतं? लहानपणी एखादी चप्पल मोठी असते, म्हणून पाय ओढत चालायची सवय लागते. पुढे चप्पल मापाची येते. लोक मात्र जिन्यावरच्या पावलांवरून ओळखतात.

मंगळवार

पियानो शिकवणाऱ्या बाईंची आठवण. बाई चांगल्या होत्या, हे आधी लिहिते. त्या म्हणायच्या, "वाक्य अर्धवट सोडू नकोस, घरी ये." घरी म्हणजे सा वर. दोन-तीन वर्षांत मी शिकले घरी यायला. परीक्षेत चांगले मार्क पडले. २००१ नंतर टेप करणं बंद झालं, वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगत आलेय. आता वाटतं, दरवेळी घरीच जायचं म्हटल्यावर टेप करण्यासारखं काही उरलं नसेल. बाईंवर ढकलत नाही. त्या व्याकरण शिकवत होत्या, मी तेच बोलणं समजले.

बुधवार

२००८ मधला एक प्रयोग वाचून माहीत होता, आज परत काढून वाचला. चार्ल्स लिम्ब आणि ॲलन ब्राउन यांनी सहा जॅझ पियानोवादकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं, मांडीवर ३५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड दिला. पाठ केलेलं वाजवताना आणि सुचेल ते वाजवताना मेंदूत काय फरक पडतो ते बघायचं होतं. सुचेल ते वाजवताना कपाळामागचा, स्वतःवर नजर ठेवणारा भाग मंदावलेला दिसला. सहाच माणसं, तीही आडवी पडून, त्यामुळे मी त्यावर घर बांधणार नाही. पण माझ्या पहारेकऱ्याचं काय व्हायचं ते कळलं. 'खास' वाजवताना तो दारात उभा असायचा. चाचणीच्या वेळी त्याला मी काट्याकडे बघायला बसवलं होतं.

आणि गंमत म्हणजे ज्या एव्हान्सची मी नक्कल करत होते, त्यांचं १९५८ मधलं 'पीस पीस' हेसुद्धा दुसऱ्याच एका गाण्याच्या सुरुवातीसाठी छेडलेलं. डाव्या हातात दोन कॉर्ड, तेच तेच, आणि मूळ गाणं बाजूलाच राहिलं. त्यांना ते तिथल्या तिथे ऐकू आलं. मला पंचवीस वर्षं लागली.

गुरुवार

मुद्दाम वाजवून पाहिलं. सा-प, रे, प, म, रे, थांब. भयंकर. थांबण्याचा अभिनय. आपलाच जुना फोटो बघून तसंच हसायचा प्रयत्न करावा तसं. दहा मिनिटांत झाकण लावलं.

शुक्रवार

फोनवर टेप करून पाहिलं. फोनला काटा नाही, तो पातळी स्वतःच सांभाळतो. बटण दाबलं की थेट सुरू. म्हणजे ती चाळीस सेकंदं आता कुठून येणार? दोनदा सुरू केलं, दोनदा पहिल्याच सुराला 'खास' झालं.

शनिवार

डेक पियानोच्या उजवीकडे स्टुलावर ठेवला. एक मायक्रोफोन. 'खास २' ची पहिली बाजू आधीच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलीय, त्यामुळे तिच्यावरच टेप करायला जीव तुटला नाही. काटा आळशी झालाय, मध्येच अडकतो, टिचकी मारली की हलतो. त्यामुळे पातळी लागेना. वाजवायचं, वाकून बटण फिरवायचं, टिचकी मारायची, परत वाजवायचं. पाचेक मिनिटं हेच चाललं असेल. मग काटा एकदाचा सरळ वागायला लागला, आणि आता खरं काहीतरी वाजवायला घ्यायचं होतं, ते घेतलं नाही. तेच पुढे चालू ठेवलं. एकदा कोमल गंधार घेऊन बघितला, ठीक वाटला, परत घेतला नाही.

अर्ध्या तासानं बाजू संपून बटण खट्कन वर आलं तेव्हा उजवा हात रे वर होता.