गच्चीवरची कुत्र्याची छत्री

आमच्या गच्चीवर आजवर कुरडया वाळल्या, सांडगे वाळले, मिरच्या वाळल्या. परवा पहिल्यांदाच तिथं मशरूम दिसली. पुण्याहून आलेल्या लेकीनं चिरून ताटात पसरलेली. म्हणे थोडा वेळ उन्हात ठेवली की त्यांच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. सोलापूरच्या 42 अंशांचा कुणाला उपयोग होत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. शेजारच्या काकू कठड्यावरून डोकावल्या. "कशाचे सांडगे हो?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

सांगणार काय? आम्ही हिला कुत्र्याची छत्री म्हणत वाढलो. पावसाळ्यात गावाकडं बांधावरच्या वारुळाशी उगवायची. सातेक वर्षांचा असताना सदऱ्याच्या ओच्यात भरून घरी आणली, तर आजीनं सगळी उकिरड्यावर फेकली आणि राखेनं माझे हात कोपरापर्यंत घासले. एक शब्द बोलली नाही. रानातली विषारी कुठली हे नुसतं बघून कळत नाही, हे मला फार उशिरा समजलं. तिनं चार रट्टे दिले असते तर विसरूनही गेलो असतो.

लेकीनं लोण्यावर कांदा-लसूण परतून मशरूम टाकली. मी मीठ घेऊन पुढं झालो तर हात धरला. "बाबा, थांबा. नव्वद टक्के पाणीच आहे त्यात. आत्ता मीठ घातलं की पाणी सुटून नुसती शिजतील, खरपूस होणार नाहीत." ताटभर होती ती वाटीभर उरली. मग साय, मिरपूड. वास थेट मटणाच्या रश्श्याच्या गावाला जाणारा. 100 ग्रॅम मशरूममध्ये कॅलरी 22 आणि प्रथिनं 3 ग्रॅम, हे तिनं कौतुकानं सांगितलं. लोण्याचं आणि सायीचं विचारलं, तेव्हा ती चमचा चाटत होती.

आणि हा सॉस तिनं ओतला कशावर, तर कडक भाकरीवर! कडक भाकरी मोडलेली पलीकडच्या खोलीत ऐकू गेली पाहिजे, या मताचा मी माणूस. शेंगाचटणी चालेल, दही चालेल, तेही वेगळ्या वाटीत. पण भाकरीनं सॉस निमूट पिऊन टाकला. कडेचा तुकडा तेवढा अजून वाजत होता. मी वर चिमूटभर शेंगाचटणी भुरभुरली आणि दुसरी भाकरी घेतली.

जेवून उठल्यावर हात मात्र दोनदा धुतले. उगाच.